बाहुल्यांचा ऑपेरा : ग्रानादा ते पॅरिस, १९२३

१/ ऑपेरा म्हटला की भव्य रंगमंदिर, मोठा वाद्यवृंद आणि तीन-चार तासांचा सोहळा डोळ्यांपुढे येतो. १९२३ साली मानुएल दे फाया या स्पॅनिश संगीतकाराने हे सारे बाजूला ठेवून मोजक्या वादकांचा, जेमतेम अर्ध्या तासाचा ऑपेरा रचला. त्यातील पात्रे होती बाहुल्या! 'एल रेताब्लो दे मायेसे पेद्रो', म्हणजे 'पेद्रो उस्तादाचा बाहुल्यांचा खेळ', याची ही कथा.

२/ प्रेरणा पॅरिसमधून आली. शिवणयंत्रांच्या सिंगर घराण्यातील कन्या विनारेटा, म्हणजेच पोलिन्याकची राजकुमारी, आपल्या दिवाणखान्यात मावतील अशा छोट्या संगीतकृती रचून घेत असे. स्त्राविन्स्कीने तिच्यासाठी कोल्ह्या-कोंबड्याच्या रशियन लोककथांवरून 'रनार' लिहिले होते. १९१८ मध्ये तिने फायाकडेही अशीच कृती मागितली.

३/ फायाने सर्वांतेसच्या 'डॉन किहोटे'च्या दुसऱ्या खंडातील (१६१५) एक प्रसंग निवडला. एका खाणावळीत पेद्रो बाहुल्यांचा खेळ मांडतो. कथा आहे शार्लमेनची बंदिवान कन्या मेलिसेंद्रा आणि तिला सोडवायला निघालेला तिचा पती गायफेरोस यांची. ही कथा स्पेनमध्ये पोवाड्यांसारख्या लोकगीतांतून फार पूर्वीपासून गायली जात होती.

४/ रंगीत तालीम म्हणावी असा प्रयोग घरातच झाला. ६ जानेवारी १९२३, तीन राजांचा सण. ग्रानादात कवी लोर्काच्या घरी मुलांसाठी बाहुल्यांचा खेळ होता. त्यात लोर्काने तुळशीला पाणी घालणाऱ्या मुलीची जुनी लोककथा नाट्यरूपात सादर केली. बाहुल्या एर्मेनेखिल्दो लान्थने घडवल्या, संगीताची बाजू फायाने सांभाळली. हार्प्सिकॉर्ड नव्हते, म्हणून पियानोच्या तारांवर कागद घालून तसा नाद काढला गेला.

५/ २३ मार्चला सेव्हिलमध्ये ऑपेरा केवळ मैफलीच्या रूपात झाला. २५ जूनला राजकुमारीच्या दिवाणखान्यात तो प्रथमच रंगभूमीवर आला. योजना विलक्षण होती : खेळातील पात्रे छोट्या बाहुल्यांची आणि तो खेळ पाहणारे डॉन किहोटे वगैरे मोठ्या बाहुल्यांचे. गायक वादकांमध्ये बसले. कथा सांगणारा पोरगा, म्हणजे आपला सूत्रधारच, बाजारातल्या फेरीवाल्याच्या हाळीसारख्या सुरात गातो.

६/ त्या संध्याकाळी हार्प्सिकॉर्डवर वांदा लांदोव्स्का होत्या. विसाव्या शतकातील वाद्यवृंदात या विस्मृत वाद्याला मानाचे स्थान मिळवून देणारी ही कृती ठरली. पुढे फायाने लांदोव्स्कांसाठीच हार्प्सिकॉर्ड कॉन्चेर्तो रचला (१९२६).

७/ शेवटी शत्रू पाठलाग करतात, तेव्हा खेळ खरा मानून डॉन किहोटे तलवार उपसतो आणि बाहुल्यांची खांडोळी करतो. पेद्रोचे पोटच त्या बाहुल्यांवर! तो आपल्या नशिबाला दोष देत राहतो आणि किहोटे मात्र शूरवीरांचे गुणगान करत असतो. मोठ्या बाहुलीने छोट्या बाहुल्यांना खरे मानावे, हा विनोद केवळ बाहुल्यांच्या रंगभूमीवरच इतका नेमका उतरतो.

८/ पुढे इतिहासाने आपली तलवार उपसली. १९३६ च्या ऑगस्टमध्ये, यादवी युद्ध भडकताच, ग्रानादाजवळ लोर्काला गोळ्या घालण्यात आल्या. फाया १९३९ मध्ये अर्जेंटिनाला गेला आणि १९४६ साली तेथेच वारला. ग्रानादातल्या त्या घरी दोघांनी मुलांसाठी मिळून मांडलेला खेळ मात्र आजही या ऑपेराच्या इतिहासाचे पहिले पान आहे.