आंतरदेशीय दत्तकविधान
आंतरदेशीय दत्तकविधान : एका देशातील मूल दुसऱ्या देशातील दांपत्याने दत्तक घेण्याचा विधी. भारतात १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम केवळ हिंदूंना लागू असल्याने अन्यधर्मीय परदेशी दांपत्यास पालक व पाल्य अधिनियम, १८९० अन्वये न्यायालयाकडून पालकत्व तेवढे मिळे; दत्तकविधान त्यांच्या देशात होई. तोवर मूल त्यांचे पाल्य असे, अपत्य नव्हे. या व्यवहारातील गैरप्रकारांविषयी लक्ष्मीकांत पांडे यांनी लिहिलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये कार्यपद्धती घालून दिली. अर्ज परदेशातील मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच करावा. कुटुंबाचा पाहणी-अहवाल आणि विवाह, आरोग्य व उत्पन्न यांचे दाखले जोडून त्यांवर साक्षांकन घ्यावे. तत्पूर्वी मुलासाठी देशातच घर शोधावे, असे ठरले. मुलांची विक्री रोखणे हा यामागील हेतू होता. तथापि विलंबाची झळ संस्थेत वाढणाऱ्या मुलालाच लागे. १९९३ च्या हेग कराराने दोन्ही देशांच्या केंद्रीय प्राधिकरणांवर जबाबदारी टाकली. भारताने २००३ मध्ये त्यास अनुसमर्थन दिले. बाल न्याय अधिनियमातील २००६ च्या दुरुस्तीने परदेशी दांपत्यासही भारतातच दत्तकविधान पूर्ण करण्याचा मार्ग खुला झाला. २०२२ पासून दत्तकविधानाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतो.