हिंगाच्या डबीतला गहू

आपल्या भागाच्या इतिहासात १९५५ हे साल दोन कारणांसाठी ध्यानात ठेवावं. त्या वर्षाच्या जानेवारीत चांदनीजवळच्या नेपानगर कारखान्यातून वर्तमानपत्राचा कागद निघू लागला. आणि त्याच वर्षी १ जूनला, संसदेने आदल्या वर्षी संमत केलेला अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा अमलात आला. पहिल्या घटनेचा गाजावाजा झाला. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी हा कारखाना राष्ट्राला अर्पण केला. दुसऱ्या घटनेसाठी गावोगावी तोरणं लागण्याचं काही कारण नव्हतं.

या दोन्ही गोष्टींची गाठ पडली ती किराणा दुकानात. बांबू आणि सालईच्या लगद्याचा तो कागद छापून, वाचून, रद्दी होऊन वाण्याकडे आला की त्याची पुडी होई. पुडीवर सगळं लिहिलेलं असे : दिल्लीचं राजकारण, क्रिकेटचा सामना, सिनेमाच्या जाहिराती. आत काय आहे तेवढं मात्र नसे. तिकडे कायद्याबरोबर आलेल्या नियमांत पाकिटाच्या लेबलावर काय लिहावं याचं एक प्रकरण होतं. पुडीचं गाव आणि लेबलाचं गाव अशी दोन गावं शेजारी शेजारी नांदू लागली. आमच्या घराला त्यांतला फरक कळला तो नातीच्या आजारपणामुळे.

नात सात वर्षांची असताना तिचं पोट वरचेवर बिघडे, वजन वाढेना, अंगात रक्त टिकेना. रक्ताच्या आणि आतड्याच्या तपासणीनंतर निदान झालं : सिलिअ‍ॅक. गहू, जव आणि रायमधल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने अशा माणसाच्या लहान आतड्याचं अस्तर झिजत जातं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध एकच, जन्मभर पथ्य. आणि तेही चिमूटभराचं. पोळी, ब्रेड, बिस्किटं बंद झाली. ज्वारीची भाकरी सुरू झाली, चक्कीवर आधीच्या दळणातलं गव्हाचं पीठ येऊ नये म्हणून घरी जातं आणलं. तरी सहा महिन्यांनी रक्ताचा अहवाल हवा तसा उतरेना. तेव्हा सूनबाईंनी स्वयंपाकघरातला एकेक डबा खाली काढून भिंगाने वाचायला घेतला. दुपारी हिंगाची डबी माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "बाबा, हे वाचा बरं." मुंगीच्या पायासारख्या अक्षरांत लिहिलं होतं : डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. आमच्या घरात वरण, कढी, पापड, लोणचं असं हिंगावाचून काय होतं?

इतिहास वाचण्याची सवय असल्यामुळे मला प्रश्न पडला, हिंगात गहू आला कुठून आणि कुणाच्या परवानगीने?

हिंग आपला नव्हे. संस्कृतात त्याचं एक नाव 'बाल्हीक' आहे, म्हणजे बल्ख प्रांतातला. अफगाणिस्तान, इराणकडच्या झुडपांच्या मुळांना चिरा पाडून निघालेला तो चीक. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतल्यावर काबूल आणि बुऱ्हाणपूर एकाच बादशाहीत आले. पण हिंग त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या वैद्यकात आणि फोडणीत होता. या देशात त्याची लागवड करण्याचा प्रयत्न सरकारी शास्त्रज्ञांनी लाहौल खोऱ्यात सुरू केला तो थेट २०२० मध्ये. असा हा दूरचा माल चिकट, महाग आणि इतका उग्र, की नुसता वापरणं कठीण. म्हणून हाथरससारख्या ठिकाणी तो डिंकात आणि पिठात मळून 'बांधानी हिंग' करण्याचा धंदा वाढला. कुणी तांदळाचं पीठ घालतं, कुणी मैदा.

कायद्याने या बांधानी हिंगाची व्याख्याच केली : हिंग, डिंक आणि खाण्याजोगा स्टार्च किंवा धान्याचं पीठ. मद्यार्कात विरघळणारा अंश पाच टक्क्यांहून कमी नको. शुद्ध हिंगाला ही अट बारा टक्क्यांची. म्हणजे हिंगातला गहू ही भेसळ नव्हेच, ते कायदेशीर मिश्रण आहे. निरीक्षकाने नमुना नेला तर दुकानदार निर्दोष सुटेल, आणि माझी नात मात्र आजारी पडेल. कायद्याचं आणि तिच्या आतड्याचं गणितच वेगळं.

असं का झालं हे कळायला कायद्याचं मूळ पाहावं लागतं. १८२० मध्ये लंडनमध्ये फ्रेडरिक अ‍ॅकम या रसायनशास्त्रज्ञाने खाद्यपदार्थांतल्या भेसळीवर ग्रंथ लिहिला. १८५० नंतर आर्थर हॅसल या डॉक्टराने सूक्ष्मदर्शकाखाली कॉफी, मसाले तपासून भेसळ उघडी केली. त्यातून १८६० आणि १८७५ चे इंग्रजी कायदे आले, आणि त्यांच्या वळणावर आपल्याकडचे प्रांतिक कायदे. मुंबई प्रांताचा कायदा १९२५ चा. या सगळ्यांपुढे मुख्य प्रश्न एक होता : विकणाऱ्याने फसवलं का? खाणारा कोण आहे, त्याला काय सोसतं, हा प्रश्न कुणी फारसा विचारलाच नव्हता.

याचा कळस वनस्पती तुपात दिसतो. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला आणि साजूक तुपात तो मिसळण्याची लबाडी सुरू झाली. ती पकडायची कशी? वनस्पतीला रंग द्यावा, अशी मागणी वर्षानुवर्षं होत राहिली, पण योग्य रंग सापडेना. मग युक्ती निघाली ती तिळाची. प्रत्येक वनस्पतीत कमीत कमी पाच टक्के तिळाचं तेल घालण्याची सक्ती झाली, कारण ठरावीक रसायनं टाकली की तिळाचं तेल गुलाबी-लाल रंग देतं आणि तुपातला वनस्पती पकडला जातो. तीळ तिथे चवीसाठी नव्हता, तो सरकारने पेरलेला हेर होता. पण ज्याच्या अंगावर तिळाने गांधी उठतात, घसा सुजतो, त्याच्या ताटात तो हेर शत्रू म्हणून आला. एकाची फसवणूक टाळण्यासाठी दुसऱ्याच्या ताटात त्याच्या नकळत काहीतरी घातलं गेलं.

गव्हाचा दोषसुद्धा जगाला उशिराच कळला. सॅम्युअल गी या इंग्रज डॉक्टराने १८८८ मध्ये या रोगाचं वर्णन केलं आणि तो बरा होईल तर आहारानेच, असं सांगितलं. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांवर ठेवलं. बुऱ्हाणपूर-रावेरच्या केळीबागायतदारांनी ही गोष्ट कौतुकाने वाचावी. मुलं खरोखर सुधारली. पण गुण केळ्याचा नव्हता, केळ्याबरोबर भाकरी-पाव बंद केल्याचा होता. ते उलगडलं हॉलंडच्या विलेम डिके यांना. १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात त्या देशात पाव मिळेना, आणि भुकेच्या त्या दिवसांत ही आजारी मुलं मात्र सुधारली. डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता; १९५० च्या प्रबंधात त्यांनी तो सिद्ध केला. म्हणजे आपला १९५४ चा कायदा झाला तेव्हा हे ज्ञान अवघं चार वर्षांचं होतं. कायदा करणाऱ्यांना त्याबद्दल बोल लावता येत नाही. बोल लावायचा तो पुढच्या दिरंगाईला.

२००१ मध्ये पाकिटावर शाकाहाराचा हिरवा आणि मांसाहाराचा तपकिरी ठिपका आला. खाणाऱ्याच्या बाजूने विचारलेल्या प्रश्नाला लेबलाने दिलेलं ते मोठं उत्तर होतं, आणि अक्षरओळख नसलेल्यालाही वाचता येणारं. आजाऱ्याच्या प्रश्नाला वेळ लागला. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने जुना कायदा मागे पडला, आणि २०२० च्या लेबल-नियमांनी ग्लूटेन असलेली धान्यं, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन वगैरे घटक असल्याचं वेगळं सांगायला लावलं. त्या यादीत तीळ नाही. 'ग्लूटेनमुक्त' म्हणायचं तर किलोमागे वीस मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

पण हे सारं पाकिटाच्या गावात. बाजारात खडा हिंग अजून सुटा मिळतो. अन्न वर्तमानपत्रात बांधू नये, असं २०१६ मध्ये सांगून झालं, २०१८ मध्ये त्याचा नियमही झाला. तरी पुडी कागदाची असो की प्लॅस्टिकची, ती मुकीच. "काका, हिंग म्हणजे हिंग, त्यात काय वाचायचं?" असं दुकानदार हसून म्हणतो. बुऱ्हाणपूरचा दराबा रव्याचा, तो आम्ही सोडला. पण मावा जिलेबीत मैदा किती, आरारूट किती, हे हलवायालाच विचारावं लागतं, आणि त्याने खरं सांगावं लागतं.

एक दिलासा मात्र आपल्या जुन्या घरांनीच ठेवलेला आहे. एकादशीचं ताट पाहा : भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा. त्यात गहू नाही आणि हिंगही नाही. खानदेशातली कळण्याची भाकरी ज्वारी-उडदाची. ज्यांनी हे ठरवलं त्यांना ग्लूटेन ठाऊक नव्हतं, पण कोणत्या ताटात काय नाही हे घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं. लेबलाचं काम तेव्हा आजीची जीभ करत होती. आता मसाला, पापड, भाजणी बाहेरून येतात, म्हणून ते काम छापील अक्षरांकडे गेलं, आणि अक्षरं फार बारीक आहेत.

दिवाळीत चकली पाहून कुणालाही वाटेल, तांदूळ-डाळींची भाजणी, हिला काय भीती? भीती तिच्यातल्या हिंगाची असते. तेव्हा वाचकहो, या दिवाळीत शेजारचं एखादं मूल तुमच्या ताटातली चकली हातात धरून "यात कोणता हिंग आहे?" असं विचारू लागलं, तर त्याला आगाऊ म्हणू नका. डबी आणून दाखवा आणि त्याला वाचू द्या.