पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची टाकी बदलताना

पार्किंगमधून गाडी वळवून काढताना स्टिअरिंग जड लागू लागले, बॉनेटखालून घुरघुर ऐकू येऊ लागली आणि गाडीखाली तांबूस तेलाचे थेंब दिसू लागले, की संशयाची सुई पॉवर स्टिअरिंगच्या तेलाच्या टाकीकडेही वळायला हवी. प्लास्टिकची ही छोटी टाकी इंजिनाच्या उष्णतेने व कंपनांनी कालांतराने ठिसूळ होते आणि बहुधा जोडावर किंवा नळी बसवण्याच्या तोंडाशी तडकते. ती घरी बदलता येते. मात्र घाईने केलेले काम पंपाच्या जिवावर बेतू शकते.

अमेरिकेत १९५१ मध्ये क्रायस्लर कंपनीच्या इम्पिरियल मोटारीबरोबर तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टिअरिंग प्रवासी गाड्यांच्या बाजारात आले. इंजिनावर चालणारा पंप तेलाला दाब देतो आणि चाके वळवण्याचा भार हलका करतो. तेल संपले तरी गाडी वळते, पण बरेच बळ लावावे लागते. घाटातील वळणावर असे अचानक घडणे धोक्याचे. शिवाय हे तेलच पंपाचे वंगण असल्याने कोरडा फिरलेला पंप लवकर निकामी होतो व त्याचा खर्च टाकीच्या कितीतरी पट असतो.

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत विजेवर चालणारे स्टिअरिंग असते. त्यात अशी टाकी नसते. क्वालिस किंवा जुन्या इनोव्हासारख्या गाड्यांत मात्र ती आढळते. काही गाड्यांत टाकी थेट पंपावरच बसवलेली असते. असे काम गॅरेजकडे सोपवणे शहाणपणाचे.

आधी खात्री

टाकी व नळ्या कोरड्या पुसून इंजिन काही मिनिटे चालू ठेवावे आणि तेल नेमके कोठून पाझरते ते पाहावे. अनेकदा दोष टाकीचा नसून सैल क्लिपचा किंवा चिरलेल्या नळीचा असतो.

जुनी टाकी काढणे

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. टाकीतील तेल मोठ्या सिरिंजने ओढून घ्यावे, खाली पसरट भांडे ठेवावे. टाकीला साधारणतः दोन नळ्या असतात: जाड नळी पंपाकडे जाते, बारीक नळीतून तेल परत येते. काढण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र घ्यावे. पकडीने क्लिपा मागे सरकवून नळ्या हलकेच फिरवत सोडवाव्यात. त्यांची तोंडे स्वच्छ कापडाने झाकावीत. धुळीचा कणही पंपाला घातक ठरतो. मग बोल्ट सोडवून टाकी उचलावी.

नवी टाकी व तेल

अनेक टाक्यांच्या तळाशी बारीक जाळी असते. ती गाळाने भरली की पंपाला तेल कमी पडते. नव्या टाकीबरोबर हा प्रश्नही सुटतो. क्लिपा शक्यतो नव्या वापराव्यात. तेल कोणते, हे टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. काही गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरचे तेल चालते, तर काहींना कंपनीने सांगितलेलेच लागते. ब्रेकचे तेल चुकूनही घालू नये. त्याने रबरी सील फुगून खराब होतात.

हवा काढणे

कामाचा कस येथे लागतो. मागच्या चाकांना ठोकळे लावून पुढची चाके जॅकने उचलावीत व गाडी भक्कम स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकवर विसंबू नये. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवावे. पातळी उतरेल तसे तेल भरत राहावे. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू करून हीच कृती पुन्हा करावी. स्टिअरिंग टोकाला काही सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नये. तेल फेसाळ, दुधाळ दिसले तर आत हवा आहे असे समजून इंजिन बंद करावे आणि फेस बसू द्यावा.

शेवटी सांडलेले तेल पुसून घ्यावे. ते पट्ट्यावर राहिल्यास पट्टा घसरतो आणि तापलेल्या एक्झॉस्टवर पडल्यास आग लागू शकते. वापरलेले तेल गटारात न ओतता बाटलीत भरून, ते पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या गॅरेजकडे सोपवावे. गाडीखाली रात्रभर कोरा पुठ्ठा ठेवावा. सकाळी तो कोरडा आणि तेलाची पातळी खुणेवर असेल, तरच गाडी लांबच्या प्रवासाला काढावी.