साबणाची तीन पानं आणि आंबिलीची एकवीस

(पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.)

मागच्या महिन्यात ओळखीच्या एका बचत गटाच्या अध्यक्ष ताई घरी आल्या. हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एकवीस पानांचा प्रस्ताव. ज्वारीच्या आंबिलीचं तयार पीठ, पाकिटातलं. गटाला एक छोटी गिरणी, पाकीटबंद करायचं मशीन आणि एक शेड उभी करायचीय. अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना आहे, त्यात ३५ टक्के अनुदान मिळतं, बाकीचं बँकेचं कर्ज. दहा बायकांच्या सह्या.

"दादा, तुम्ही पेपरवाले. मराठी बरोबर आहे का तेवढं बघा."

मराठी बरोबर होतं. इतकं बरोबर की मला शंका आली. "आरोग्याविषयीची वाढती जागरूकता लक्षात घेता", "बाजारपेठेत उपलब्ध असलेली अफाट संधी". आमच्या तालुक्यात असं कुणी बोलत नाही आणि लिहीत तर मुळीच नाही. विचारलं तर कळलं, झेरॉक्सच्या दुकानातल्या पोराने चॅटजीपीटीवर करून दिला. दोनशे रुपये. 'धोके' नावाचा एक रकाना होता, त्यात एकच शब्द: स्पर्धा.

मी हसलो नाही. दोनशे रुपयांत हे मिळत असेल तर कुणीही घेईल. याच कामाला सल्लागार लोक किती घेतात ते मला ठाऊक आहे, आणि त्यांच्याही प्रस्तावात गावाचं नाव बदललं की बाकी मजकूर तोच असतो, हेही. पण रात्री झोप लागेना, कारण डिप्लोमाला असताना वाचलेला एक जुना प्रस्ताव आठवत होता. तो तीनच पानांचा होता.

साल १९३१. अमेरिकेतलं सिनसिनाटी शहर. प्रॉक्टर अँड गॅम्बल ही साबणाची कंपनी. आज तिचंच टाइड, व्हिस्पर, जिलेट आपल्या किराणा दुकानात असतं. तिथे नील मॅकेलरॉय नावाचा तरुण जाहिरात विभागात होता. त्याच्याकडे कॅमे साबणाची जाहिरात. त्याची अडचण अशी, की त्याच कंपनीचा आयव्हरी हा थोरला साबण सगळा उजेड खाऊन टाकायचा. घरातल्या थोरल्या भावाचे कपडे धाकट्याला, तसा प्रकार. १३ मे १९३१ रोजी त्याने वरिष्ठांना टिपण लिहिलं. कंपनीचे अध्यक्ष डूप्री एका पानापेक्षा मोठं टिपण वाचायला नाखूश असत, तरी या पठ्ठ्याने तीन पानं लिहिली.

त्यात मागणी काय? प्रत्येक ब्रँडला स्वतःचा माणूस द्या, हाताखाली मदतनीस द्या. 'ब्रँड मॅनेजर' नावाच्या आजच्या जमातीचा जन्मदाखला म्हणून व्यवस्थापनाच्या वर्गांत हेच टिपण दाखवतात. मला मात्र त्यातला दुसराच भाग आवडतो. त्या माणसाने काय करायचं, तर माल कुठे खपतोय आणि कुठे पडून आहे ते आकड्यांत बघायचं. आणि जिथे पडून आहे तिथे स्वतः जायचं, दुकानदाराशी बोलायचं, गिऱ्हाइकाशी बोलायचं, दुखणं शोधायचं, मगच उपाय लिहायचा. म्हणजे प्रस्ताव लिहिणाऱ्याची चप्पल आधी झिजली पाहिजे.

आता पुढची गंमत बघा. हाच मॅकेलरॉय १९४८ मध्ये कंपनीचा अध्यक्ष झाला आणि ऑक्टोबर १९५७ मध्ये थेट अमेरिकेचा संरक्षणमंत्री. साबणवाला संरक्षणमंत्री! रशियाने स्पुटनिक सोडून आठवडाही झाला नव्हता आणि अमेरिका हादरलेली होती. त्याच्या कारकिर्दीत, फेब्रुवारी १९५८ मध्ये, 'अर्पा' नावाची संशोधन संस्था निघाली. पुढे इंटरनेटचा पूर्वज असलेलं जाळं याच अर्पाच्या पैशातून उभं राहिलं, आणि साठच्या दशकात एआयच्या संशोधनाला पैसा पुरवणाऱ्यांतही अर्पा आघाडीवर होती. म्हणजे ज्याने उत्पादनाचा प्रस्ताव कसा करावा हे शिकवलं, त्याच्याच काळात ज्या संस्थेची पायाभरणी झाली तिच्या पैशावर आजच्या या यंत्राचं बालपण गेलं. इतिहास कधी कधी असा एकाच घरात फिरत राहतो.

आणि एआय हे नाव? तेही एका प्रस्तावातच पहिल्यांदा आलं. ३१ ऑगस्ट १९५५ चा प्रस्ताव. मॅकार्थी, मिन्स्की, रोचेस्टर आणि शॅनन अशा चौघांनी रॉकफेलर फाउंडेशनकडे पैसे मागितले. पुढच्या उन्हाळ्यात दहा माणसं डार्टमाउथ कॉलेजात दोन महिने बसवू, आणि यंत्राला विचार करायला लावण्याच्या कामात मोठी मजल मारू, असा एकूण सूर. मागणी १३,५०० डॉलर. फाउंडेशनने ७,५०० दिले. एका उन्हाळ्यात काय व्हायचं होतं? सत्तर वर्षं लागली. थोडक्यात, एआयचा स्वतःचा पहिला प्रस्तावसुद्धा आमच्या आंबिलीसारखाच होता: संधी अफाट, धोक्यांचा रकाना जवळपास रिकामा. फरक एवढाच, की पैसे देणाऱ्याने कात्री लावली.

मग १९६६. एमआयटीत अर्पाच्याच पैशावर चालणारा एक प्रकल्प होता, तिथे जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' नावाचा प्रोग्रॅम केला. तो मानसोपचारतज्ज्ञासारखा बोलायचा. बोलायचा म्हणजे काय, तुमचंच वाक्य फिरवून प्रश्न करून परत द्यायचा. "मला उदास वाटतं" म्हटलं की "तुम्हाला उदास का वाटतं?" आत समज काहीच नाही. पण वायझेनबॉम यांची सेक्रेटरी, जिने हा प्रोग्रॅम घडताना पाहिला होता, ती त्याच्याशी बोलता बोलता त्यांना म्हणाली की तुम्ही जरा खोलीबाहेर जा. ते इतके चपापले की पुढे आयुष्यभर या क्षेत्राचे टीकाकार झाले. आपलंच बोलणं आपल्याला परत मिळालं तर माणसाला फार बरं वाटतं. हे तेव्हाच कळलं होतं.

आता अगदी अलीकडचं. २०२४ मध्ये हार्वर्ड वगैरे ठिकाणच्या संशोधकांनी एक प्रयोग केला, आणि कुठे केला? त्याच प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये. कंपनीच्या ७७६ माणसांना नव्या उत्पादनांच्या खऱ्याखुऱ्या अडचणी दिल्या. काही जण एकटे, काही जोडीने. जोडीत एक संशोधन विभागातला, एक विक्री-व्यापाराच्या बाजूचा. निम्म्यांना एआय, निम्म्यांना नाही. एका दिवसात प्रस्ताव करा. मग जाणकारांनी ते तपासले.

निकाल असा, की एआय घेऊन एकटा बसलेला माणूस एआय नसलेल्या जोडीइतकं चांगलं काम करून गेला, आणि वेळही कमी लागला. एरवी संशोधनवाला तांत्रिक बाजू लिहितो आणि विक्रीवाला बाजाराची. एआय हाताशी असलेल्यांत हा भेद बराचसा पुसला गेला, दोघेही समतोल लिहू लागले. सगळ्यात वरच्या दर्जाचे प्रस्ताव मात्र एआय असलेल्या जोड्यांतून येण्याची शक्यता जास्त होती. म्हणजे दुसरा माणूस फुकट गेला नाही.

मोठ्या कंपनीत यावरून नोकऱ्यांची चर्चा सुरू झाली, ती त्यांनी करावी. मी आमच्या ताईंचा विचार करत होतो. त्यांच्या गटात संशोधनवाला कधी नव्हताच. विक्रीवाला नव्हता. सिनसिनाटीत हे यंत्र सहकाऱ्याची जागा घेतं; आमच्याकडे तो पहिलाच सहकारी आहे. म्हणून "एआयने लिहिलेलं म्हणजे बोगस" असं म्हणणाऱ्या साहेब लोकांशी माझं जमत नाही. साहेबांच्या मुलांना प्रस्ताव तपासून द्यायला मामा-काका असतात. पण एक गोष्ट विसरू नका, त्या प्रयोगात गुण कागदाला होते. दुकानात विकल्या गेलेल्या मालाला नव्हते.

दुसरा धोका एप्रिल २०२५ मध्ये सगळ्या जगाने पाहिला. चॅटजीपीटीत एक बदल झाला आणि ते एकदम लाळघोटं झालं. कुणीतरी मुद्दाम काठीवर घाण लावून विकायची 'कल्पना' सांगितली, तर तिलाही वाहवा मिळाली. ही उदाहरणं जगभर फिरली आणि कंपनीला काही दिवसांत तो बदल मागे घ्यावा लागला. कारण समजायला सोपं आहे. ही यंत्रं लोकांच्या पसंतीवरूनही घडवली जातात. ज्या उत्तराला अंगठा वर, तसं उत्तर पुढे जास्त. आणि आपण अंगठा कुणाला दाखवतो? जो गोड बोलतो त्याला. निवडणुकीत तरी दुसरं काय करतो म्हणा.

आपल्या मातीतलं याच्या बरोबर उलट उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्कर. बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. आजच्या भाषेत नवं प्रॉडक्ट. शेतकरी म्हणाले, लोखंडाने जमिनीला विष बाधतं. नांगराची पहिली विक्री व्हायला दोन वर्षं लागली असं किर्लोस्करांच्या उद्योगाच्या इतिहासात सांगतात. दोन वर्षं! पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जागा दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणरावांच्या प्रस्तावावर टीका करणारे लोक विनम्र नव्हते, समतोल नव्हते आणि विषाच्या बाबतीत चुकीचेही होते. पण ते जमीन कसणारे होते. नांगर फसला तर पोट त्यांचं मारलं जाणार होतं. म्हणून त्यांच्या 'नाही'ला वजन होतं आणि दोन वर्षांनी आलेल्या 'हो'लाही.

तर आंबिलीकडे येतो. ताईंना रविवारी परत बोलावलं, सोबत गटातल्या चौघी. मी मोबाईलवर नवीन संवाद उघडला, जुन्याचा काही संबंध नाही. प्रस्ताव टाकला आणि लिहिलं: हा माझा नाही, दुसऱ्या कुणाचा आहे. तू बारा वर्षं कर्जं तपासणारा बँक अधिकारी आहेस आणि तुला हे कर्ज नाकारायचंय. कारणं दे, गोड बोलू नकोस.

अकरा कारणं आली. पीठ किती महिने टिकतं याची तपासणी कुठे आहे? ज्वारीचा भाव वर्षभर एकच धरलाय, तो कसा? दुकानदाराचं कमिशन धरलेलंच नाही. उधारी किती दिवसांची? वीजबिल घरगुती दराने लावलंय. घरोघरी आंबील होत असताना पाकीट कोण घेईल? ताईंचा चेहरा उतरला. एक मुलगी म्हणाली, "हेच तर त्या दिवशी एवढं कौतुक करत होतं!" मी म्हटलं, तेव्हा कौतुक मागितलं होतं. अकरापैकी नऊ प्रश्न अगदी रास्त होते. दोन उगाच होते, त्यातला एक निर्यातीच्या परवान्याचा. शेजारच्या तालुक्यात माल जायची मारामार आणि म्हणे निर्यात.

कोपऱ्यात एक वयस्क मावशी बसल्या होत्या. सही आहे त्यांची, वाचता फारसं येत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आंबील खपणार उन्हाळ्यात. म्हंजे पाकिटं भरायची फेब्रुवारी-मार्चात. तवा ज्वारीची काढणी असती. आपण साऱ्याजणी रोजावर असतोय. भरणार कोण?"

खोलीत कुणीच बोलेना. एकवीस पानांत हे नव्हतं. अकरा प्रश्नांत नव्हतं. आणि मी पंचवीस वर्षं याच तालुक्यात शेतीच्या बातम्या देतोय, माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

मग दोन तास हिशोब चालला. काढणीचा रोज किती, गिरणीवरचा रोज किती देता येईल, चौघी तरी घरी राहिल्या तर त्यांचा बुडालेला रोज गटाने भरायचा का. डिसेंबरातच पीठ करून ठेवावं तर टिकेल का, म्हणजे पुन्हा तपासणीचाच प्रश्न. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास निम्मा माल भरायचा असं ठरलं. पाकिटाची किंमत पाच रुपयांनी वाढली, पहिल्या वर्षाचा नफा जवळजवळ शून्यावर आला. ताई म्हणाल्या, "एवढा कमी नफा दाखवला तर बँक देईल का?" मला उत्तर देता आलं नाही. खरा आकडा दाखवला तर कर्ज मिळत नाही आणि फुगवलेला दाखवला तर फेडता येत नाही, हे यंत्र यायच्या कितीतरी आधीपासूनचं आहे.

नवीन प्रस्ताव नऊ पानांचा झाला. लिहायला तेच चॅटजीपीटी वापरलं, आकडे मात्र गटाचे. 'धोके'च्या रकान्यात आता सात ओळी आहेत आणि पहिली ओळ मावशींची आहे: काढणीच्या हंगामात मनुष्यबळाचा अभाव. "मनुष्यबळ नगं लिहू, बाया लिही," असं त्या म्हणाल्या होत्या. ते मात्र यंत्राने बदललं आणि गडबडीत माझ्याही नजरेतून सुटलं.

पीठ तपासायला दिलंय. फाईल मागच्या सोमवारी बँकेत गेली. साहेब रजेवर आहेत.