यात्रेकरूची वही आणि मराठवाड्यातील तीर्थवाटा

तीर्थक्षेत्रांचा इतिहास सामान्यतः सनदा, शिलालेख आणि माहात्म्यग्रंथ यांच्या आधारे लिहिला जातो; त्यामुळे वास्तू कोणी उभारली आणि तिला इनाम कोणी दिले हे कळते, पण तेथे येणारा सामान्य यात्रेकरू कोणत्या वाटेने आला, कोठे उतरला आणि त्याने काय पाहिले, हे बहुधा निसटते. ही उणीव भरून काढणारे एक असाधारण साधन शीख परंपरेत उपलब्ध आहे. पतियाळा संस्थानात मोटारचालक असलेल्या भाई धन्नासिंग चहल यांनी १९३० ते १९३५ या काळात सायकलवरून गुरुद्वारांची यात्रा केली, बरोबर कॅमेरा बाळगला आणि पंजाबीत रोजनिशी लिहिली. सुमारे १६०० स्थाने पाहून झाल्यावर मार्च १९३५ मध्ये वायव्य सरहद्दीवरील बन्नूजवळ बंदुकीची गोळी चुकून सुटल्याने त्यांचा मृत्यू झाला, आणि त्यांच्या वह्या छायाचित्रांसह ‘गुर तीरथ साइकल यात्रा’ या नावाने चेतनसिंग यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध व्हायला २०१६ साल उजाडले. मधल्या काळात फाळणी झाली आणि त्यांनी टिपलेली कित्येक स्थाने सीमेपलीकडे गेली, म्हणून भक्तिभावाने लिहिलेली ही वही आज इतिहासाचे पहिल्या प्रतीचे साधन ठरली आहे.

शीख यात्रेचे दक्षिणेकडील टोक म्हणजे नांदेड. दहावे गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ मध्ये गोदाकाठी येथेच देहावसान झाले. त्या स्थानी महाराजा रणजितसिंग यांच्या आश्रयाने १८३० च्या दशकात सचखंड हुजूर साहिबची आजची वास्तू उभी राहिली, आणि धन्नासिंगांच्या काळी मान्यता असलेल्या चार तख्तांपैकी, म्हणजे पंथाच्या सर्वोच्च धर्मपीठांपैकी, ते एक होते. दमदमा साहिबला पाचव्या तख्ताची मान्यता १९६६ मध्ये मिळाली. पंजाबातून येथे येणे हे पूर्वी महिनोन्‌महिन्यांचे काम होते. विसावे शतक उजाडता उजाडता निजामाच्या राज्यातून सिकंदराबाद ते मनमाड हा मीटरगेज, म्हणजे एक मीटर रुंदीचा, लोहमार्ग पुरा झाला. त्यानंतर उत्तरेकडचा यात्रेकरू मनमाडला गाडी बदलून नांदेडला उतरू लागला, आणि त्याच्या जेवणाची सोय संत बाबा निधानसिंग यांनी सुरू केलेल्या लंगरात होऊ लागली.

लातूरहून पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्यांची वाट वेगळी, आणि तिचा तपशील अधिक बोलका आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे अवघ्या अडीच फूट रुंदीच्या रुळांवर १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली. तिचा एक फाटा पुढे पंढरपूरला गेला आणि दुसरा १९११ मध्ये निजामाच्या मुलखातील लातूरला पोहोचला. लातूर ही गूळ, कापूस आणि धान्य यांची पेठ असल्याने मालवाहतूक हा या रेल्वेचा मोठा आधार होता, पण आषाढी-कार्तिकीला तिच्यावर वारकऱ्यांची इतकी गर्दी होई की मालडबेही माणसांसाठी जोडावे लागत. दिंडीबरोबर पायी चालणे हा वारीचा प्राण असला, तरी वृद्धांना, आजाऱ्यांना आणि शेतीची कामे टाकून फार दिवस घराबाहेर न राहता येणाऱ्यांना या छोट्या गाडीने पंढरी जवळ आणून दिली, आणि हा बदल वारीच्या इतिहासात दुय्यम मानणे चुकीचे आहे. या प्रवासात राज्याची सीमाही ओलांडावी लागे. निजामाच्या राज्यात हाली शिक्का, म्हणजे संस्थानचे स्वतःचे नाणे, चाले आणि बार्शीकडील ब्रिटिश मुलखात कलदार रुपया, त्यामुळे पैसे बदलून घेतल्याखेरीज पुढचा खर्च भागत नसे. शिवाय सीमेवर करोडगिरी हे निजामाचे जकात खाते मालावर कर घेई. रेल्वेच्या वार्षिक अहवालात उतारूंची संख्या आणि उत्पन्न सापडते, पण हाली रुपयाला वाटेत किती कलदार आणे मिळाले, रात्र कोठे काढली, चंद्रभागेच्या वाळवंटात कोणत्या फडाबरोबर कीर्तन ऐकले, हे सांगू शकते ती फक्त यात्रेकरूच्या हातची नोंद.

धन्नासिंगांचे खरे मोठेपण येथेच आहे. त्यांनी स्थानाचे माहात्म्य लिहिलेच, पण तेथे जाण्याचा रस्ता, गुरुद्वाराला जोडलेली जमीन आणि तेथील व्यवस्थेचे दोषही नोंदवले. अशा नोंदी लवकर जपल्या गेल्या नाहीत तर पडताळण्यासारखे पुढे काही उरत नाही. २००८ मध्ये नांदेडला गुरुता गद्दीच्या, म्हणजे ग्रंथसाहिबाला गुरुपद दिल्याच्या घटनेच्या, त्रिशताब्दीनिमित्त रस्ते, घाट आणि गुरुद्वारा परिसर यांचे रूप पालटले, आणि लातूरची छोटी गाडी गेजरूपांतरानंतर एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इतिहासजमा झाली.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील घरांत आजोबा-पणजोबांच्या हिशोबाच्या वह्या, यात्रेतील छायाचित्रे, बडव्यांच्या किंवा उपाध्यांच्या चिठ्ठ्या असतील, तर त्या रद्दीत घालू नयेत. त्यांवर गाव आणि साल लिहून ठेवावे आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठासारख्या संस्थेला किंवा जवळच्या जाणत्या अभ्यासकाला त्यांची प्रत करून घेऊ द्यावी.