‘गो अराउंड’ : करीपूरचं विमान, कॅप्टन साठे आणि बावड्याचा बंधारा

बोलतोय कसबा बावड्यातनं. आजचा भाग आहे 7 ऑगस्ट 2020 च्या संध्याकाळचा. लॉकडाऊनचा काळ होता, सगळे घरात, हातात फोन. रात्री बातमी आली की केरळात करीपूरला, म्हणजे कोझिकोडच्या विमानतळावर, दुबईहून आलेलं विमान धावपट्टी ओलांडून खाली कोसळलं. विमानाचे कॅप्टन मराठी होते, दीपक साठे. आईवडील नागपुरात, शिक्षण खडकवासल्याच्या एनडीएत, 1981 ते 2003 वायुसेनेत, अकादमीतला ‘सोर्ड ऑफ ऑनर’ मिळवलेला माणूस. पुढे टेस्ट पायलट. असा माणूस त्या अपघातात गेला.

मग दुसऱ्या दिवसापासून व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरायला लागले. चाकं उघडत नव्हती, साठेंनी तीन घिरट्या घालून इंधन संपवलं, स्वतः गेले पण प्रवासी वाचवले. तुम्हीही वाचला असेल, कदाचित पुढे पाठवलाही असेल. वर्षभरानं, सप्टेंबर 2021 मध्ये, सरकारी तपासाचा अहवाल बाहेर आला. त्यात चाकांचा बिघाड कुठंच नाही. मग लोक एकदम दुसऱ्या टोकाला गेले. काल हीरो होता, आज गुन्हेगार.

मला वाटतं दोन्ही बाजूंनी घाई झाली. त्या संध्याकाळी नक्की काय झालं ते आधी नीट बघू.

ही फ्लाइट ‘वंदे भारत मिशन’ची होती. कोरोनामुळं परदेशात अडकलेल्यांना घरी आणणारी. एअर इंडिया एक्सप्रेसचं 1344 नंबरचं विमान, बोईंग 737. आत 184 प्रवासी आणि 6 कर्मचारी, एकूण 190. करीपूरचा विमानतळ डोंगरमाथा सपाट करून बांधलेला. अशा विमानतळाला टेबलटॉप म्हणतात. टेबलासारखा वर सपाट आणि कडेला उतार. पाऊस चालू होता.

इथं एक छोटी गोष्ट समजून घ्या. धावपट्टीला नंबर असतो तो दिशेचा. धावपट्टी 28 म्हणजे साधारण 280 अंशांकडे तोंड करून उतरायचं. तीच पट्टी उलट्या बाजूनं वापरली की तिचं नाव 10. रस्ता एकच, येण्याची बाजू वेगळी. आपल्या उजळाईवाडीची पट्टी याच हिशेबानं 07 आणि 25 आहे.

साठेंचं विमान आधी 28 वर उतरायला आलं. ऐन वेळी कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला, पट्टी नीट दिसेना. त्यांनी विमान परत वर नेलं. यालाच ‘गो अराउंड’ म्हणतात. उतरणं सोडून द्यायचं, वर जायचं, पुन्हा सगळं जुळवायचं. इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणं झालं.

मग धावपट्टी बदलली. दुसरं एक विमान 10 वरून उडणार होतं, तेव्हा कंट्रोल टॉवरनं यांनाही 10 चालेल का विचारलं आणि यांनी हो म्हटलं. अडचण अशी की त्या बाजूनं उतरताना वारा मागून येत होता. विमान उतरताना वारा समोरून हवा, कारण तो वेग कमी करतो. मागून आला की ढकलतो. तरी उतरायला किती अंतर लागेल याचा हिशेब नव्यानं केला गेला नाही, असं अहवाल सांगतो.

आता आकडे बघा. चाकं टेकली तेव्हा मागचा वारा होता 15 नॉट आणि जमिनीवरचा वेग 165 नॉट, म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. हेच विमान याच वाऱ्यात उलट्या बाजूनं उतरलं असतं तर जमिनीवरचा वेग 135 च्या आसपास असता. फरक तीसचा वाटतो. पण थांबवायची ताकद वेगाच्या वर्गावर ठरते. हिशेब केला तर ब्रेकना जवळपास दीडपट ऊर्जा जिरवावी लागत होती. तीही ओल्या पट्टीवर.

आणि मुख्य गोष्ट. पट्टीची लांबी 8858 फूट. नियम असा की चाकं पहिल्या 3000 फुटांत किंवा पहिल्या एक तृतीयांशात टेकली पाहिजेत, जे कमी असेल ते. इथं ती टेकली 4438 फुटांवर. निम्मी पट्टी हवेतच संपली होती. उरलं साधारण 1347 मीटर.

हा आकडा कोल्हापूरकरांना ओळखीचा वाटेल. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, 1939 साली सुरू झालेल्या आपल्या विमानतळाची जुनी धावपट्टी 1370 मीटरची होती. तिच्यावर एटीआरसारखी पंख्याची छोटी विमानं यायची. आता ती वाढवून 1930 मीटर केली आहे. म्हणजे त्या संध्याकाळी भरलेलं बोईंग, ओल्या पट्टीवर, मागच्या वाऱ्यात, आपल्या जुन्या पट्टीहूनही थोड्या कमी जागेत थांबवायचं होतं. ते थांबलं नाही. पट्टी संपली तेव्हाही वेग 84 नॉटच्या वर, ताशी दीडशेहून जास्त किलोमीटर. पुढची मोकळी जागा आणि कुंपण तोडून विमान सुमारे 110 फूट खाली गेलं आणि त्याचे तीन तुकडे झाले. 21 जण गेले, त्यात दोन्ही वैमानिक. आग लागली नाही, म्हणून बाकीचे वाचले.

आणि करीपूरच्या लोकांमुळं वाचले, हेही सांगितलंच पाहिजे. पावसात, अंधारात, कोरोनाची भीती बाजूला ठेवून आसपासची माणसं धावली. स्वतःच्या गाड्यांतून जखमींना दवाखान्यात नेलं. रक्त द्यायला रात्री रांगा लागल्या. नंतर हीच माणसं क्वारंटाइन झाली. महापुरात होड्या काढणाऱ्या आपल्या पोरांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

आता कॉकपिटमध्ये काय झालं ते बघू. विमान पट्टीवर लांब तरंगतंय हे सहवैमानिकाच्या लक्षात आलं होतं. त्यानं दोनदा लक्ष वेधायचा प्रयत्न केला, पण ठरलेल्या शब्दांत नाही, दबक्या आवाजात. शेवटी तो ‘गो अराउंड’ म्हणाला. कॅप्टन उतरतच राहिले. अशा वेळी सहवैमानिकानं कंट्रोल स्वतःकडे घ्यायचा असतो. तो त्यानं घेतला नाही. अहवालानं कारण म्हणून या दोन्ही गोष्टी मांडल्यात. कॅप्टननं नियम सोडून उतरणं चालू ठेवलं, आणि दुसऱ्यानं ते हातात घेतलं नाही.

का घेतलं नसेल? तालमीत जाणाऱ्यांनी विचार करून बघा. वस्ताद डाव दाखवताना चुकतायत असं पठ्ठ्याला दिसलं, तर तो काय करतो? आधी गप्प. मग खाकरतो. मग ‘वस्ताद, जरा...’ म्हणून थांबतो. तालमीत फार तर एखादा डाव वाया जातो. विमानात त्या दोन सेकंदांत पट्टी संपते.

ही अडचण फक्त आपली नाही. 27 मार्च 1977 ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवर एकमेकांना धडकली आणि 583 माणसं गेली. उड्डाण घेणारे कॅप्टन कंपनीचे सर्वांत नावाजलेले. समोरचं विमान पट्टीवरून बाजूला झालंय का, अशी शंका मागं बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरनं बोलून दाखवली होती. ती तिथंच विरली. त्यानंतर वैमानिकांना नवीन विषय शिकवायला सुरुवात झाली, ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’. साध्या भाषेत, धाकट्यानं स्पष्ट बोलायचं कसं आणि थोरल्यानं ऐकायचं कसं.

आपल्याकडं हा धडा आधी मिळालेला होता. 22 मे 2010, मंगळूर. तीच कंपनी, तेच दुबईहून येणारं बोईंग 737, तसलाच टेबलटॉप. सुमारे 8000 फुटांच्या पट्टीवर चाकं टेकली ती 5200 फुटांवर. 166 पैकी 158 जण गेले, फक्त 8 वाचले. चौकशीचे प्रमुख होते वायुसेनेचे निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. त्या चौकशीत दिसलं की कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपले होते, आणि उतरताना सहवैमानिकानं तीन वेळा ‘गो अराउंड’ सांगितलं होतं. तीन वेळा! दहा वर्षांनी करीपूरला तेच शब्द पुन्हा वाया गेले.

म्हणून मला हा प्रश्न एका माणसाच्या शौर्याचा किंवा चुकीचा वाटत नाही. साठेंसारखा अनुभवी माणूस चुकू शकतो, हीच यातली खरी बातमी आहे. अहवाल असंही नोंदवतो की दुसऱ्या दिवशी सकाळची फ्लाइट त्यांच्याच नावावर होती आणि तिथं कॅप्टन कमी होते. वेळेत उतरायचं दडपण डोक्यात असावं. अशा वेळी माणूस स्वतःशी म्हणतो, बसेल, अजून जागा आहे.

आता आपला राजाराम बंधारा आठवा. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. हे आकडे पूर आल्यावर ठरवत नाहीत. आधीच ठरवून ठेवलेत, कारण पाणी दारात आल्यावर प्रत्येकाला वाटतं की अजून थोडं थांबू. 2019 ला आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं. तेव्हा 43 फुटांलाच जनावरं हलवणारे आणि ‘बघू उद्या’ म्हणणारे, यांच्यातला फरक बावड्याला माहीत आहे. 3000 फुटांचा नियम म्हणजे वैमानिकाची धोका पातळी. ती ओलांडली की चर्चा नाही, वर जायचं. आणि ती ओलांडली हे सांगायचा हक्क कॉकपिटमधल्या धाकट्यालाही तेवढाच आहे.

माणूस चुकणार हे धरून जमिनीवरही सोय लागते. धावपट्टीपुढं मोकळी सुरक्षित जागा किमान 90 मीटर हवी, 240 मीटर असावी अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. टेबलटॉपवर तेवढी जागा काढणं अवघड, म्हणून काही देशांत पट्टीच्या टोकाला ठिसूळ ठोकळ्यांचा थर बसवतात. चाकं त्यात रुततात आणि विमान थांबतं. ऑक्टोबर 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाला माइक पेन्स यांचं विमान पट्टी ओलांडून अशाच थरात थांबलं. कुणाला काही झालं नाही. करीपूरबद्दलही सुरक्षातज्ज्ञ कॅप्टन मोहन रंगनाथन यांनी 2011 मध्येच इशारा दिला होता की पावसात, मागच्या वाऱ्यात पट्टी 10 वर उतरणं धोक्याचं आहे. म्हणजे इशारा पातळी तिथंही कुणीतरी लिहून ठेवली होती.

तर मंडळी, आपल्या उजळाईवाडीत आता विमानं वाढतायत. पावसाळ्यात कधी तुमचं विमान जमिनीजवळ येऊन एकदम वर जाईल. पोटात गोळा येईल, शेजारचा म्हणेल, ‘पायलटला जमंना बघ.’ त्याला सांगा, जमंना म्हणून नाही, नियम पाळतोय म्हणून वर गेला. अर्धा तास उशीर होईल किंवा पुण्याला, बेळगावला उतरावं लागेल. होऊ दे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.