‘पट्टन’ आणि ‘तित्थ’ : पालि वाङ्मयातील दोन बंदरवाचक शब्द

पालि वाङ्मयातील ‘पट्टन’ या शब्दाचा अर्थ केवळ ‘नगर’ असा घेतला, तर त्यातील समुद्र नाहीसा होतो. पुढील काळात अणहिलवाड पाटणासारख्या समुद्रापासून दूर असलेल्या नगरांनाही हे नाव मिळाल्यामुळे असा अर्थ रूढ होणे स्वाभाविक होते. मूळ संदर्भ मात्र निराळे सांगतात.

सुप्पारक जातकात (क्र. ४६३) भरुकच्छाला ‘पट्टनगाम’ म्हटले आहे. तेथील निय्यामकांच्या, म्हणजे नौका मार्गी लावणाऱ्या वाटाड्यांच्या प्रमुखाच्या घरी बोधिसत्त्वाचा जन्म होतो. खाऱ्या पाण्याने दृष्टी गेल्यावरही तो सातशे व्यापाऱ्यांची नौका संकटातून सुखरूप परत आणतो. मिलिंदपञ्हात पट्टनातील शुल्कामुळे संपन्न झालेल्या नाविकाचा दृष्टान्त येतो. तो वंग, चीन, सोवीर, सुरट्ठ, अलसंद, सुवण्णभूमी अशा दूरच्या प्रदेशांना जातो. महावंसात विजय ‘सुप्पारक’ या पट्टनात उतरतो. तात्पर्य, जेथे नौका आसऱ्याला लागते, माल उतरतो, जकात घेतली जाते आणि जाणत्या वाटाड्याची गरज पडते, ते पट्टन होय. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातही भडोचच्या खाडीमुखाशी राजसेवेतील स्थानिक कोळी मोठ्या नावा घेऊन पुढे येत आणि परकी जहाजे ओढून आत नेत, असे वर्णन आहे.

‘तित्थ’ या शब्दाचा मूळ अर्थ पाण्यात उतरण्याची जागा, उतार किंवा धक्का असा आहे. महापरिनिब्बानसुत्तानुसार भगवान बुद्धांनी पाटलिगामाहून जेथून गंगा ओलांडली, त्या जागेला ‘गोतमतित्थ’ हे नाव पडले. येथे तित्थ म्हणजे पापक्षालनाचे स्थान नव्हे, तर पैलतीरी जाण्याची वाट आहे. सिंहलद्वीपातील ‘महातित्थ’ हे तर सागरी बंदरच होते. तित्थ उतरण्याची जागा दाखवते, तर पट्टन त्या जागेभोवती उभ्या राहिलेल्या व्यवहाराचे नाव आहे.

सुप्पारक म्हणजे आजचे नालासोपारा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उत्खनित केला. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा उजेडात आला आणि १९५६ साली नवव्याचा. बाहिय दारुचीरिय येथल्याच समुद्रतीरावर राहत असल्याचे ‘उदान’ सांगते. कार्ले येथील चैत्यगृहातील एका स्तंभाचा दाता सोपाऱ्याचा धर्मोत्तरीय भाणक सातिमित होता. नाशिकच्या दहाव्या लेण्यातील लेखात उषवदाताने दमणा, तापी, डाहाणुका इत्यादी नद्यांवर विनामूल्य नावेची सोय केल्याची आणि भरुकच्छ व सोपारग येथे वाटसरूंसाठी विश्रामगृहे बांधल्याची नोंद आहे.

बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवासाची गणना मनुष्यास पतित करणाऱ्या कर्मांत केली. याउलट जातककथेने बोधिसत्त्वालाच निय्यामकाच्या कुळात जन्म दिला आणि त्याच्या विद्येचा गौरव केला. समुद्रावर उपजीविका करणाऱ्या श्रमिकांकडे पाहण्याच्या या दोन परस्परविरोधी दृष्टी आहेत. म्हणून ‘पट्टन’ शब्दाचा अनुवाद ‘बंदर’ असाच करणे उचित ठरेल. ‘नगर’ म्हटल्याने राजा आणि प्रासाद डोळ्यांपुढे येतात. ‘बंदर’ म्हटल्याने तो आंधळा वाटाड्या, कोळी आणि भिक्खूही दिसू लागतात.